प्रतिदीप्त (अतिनील उजेडात चमकणाऱ्या) रंजकाचा जिवाणूरोधी गुण तपासताना कोणते माप धरावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, एम.एस्सी. रसायनशास्त्र, नाशिक)
नमस्कार. प्रकल्पासाठी मी कुमारिन वर्गातील एक रंजक तयार केले आहे. ते जखमेवरच्या सुती गॉझवर बसवावे, म्हणजे जंतूंची वाढ रोखली जाईल आणि अतिनील दिव्याखाली चमकत असल्यामुळे गॉझ धुतल्यावर ते किती उरले हेही कळेल, असा विचार आहे. स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या प्लेटवर, रंजक लावलेल्या चकतीभोवती ११ मिलिमीटरचे, जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ मिळाले. पण ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळी चमक १८ मिलिमीटरपर्यंत पसरलेली दिसली. ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूवर परिणाम शून्य. प्रबंधात कोणते माप द्यावे?

उत्तर १ (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा, सातपूर)
ताई, ११ मिलिमीटर. चमक रंजक कुठवर झिरपले एवढेच सांगते, तेथे जिवाणू मेले असे नाही. मात्र केवळ चकतीवर विसंबू नका, कारण पाण्यात न विरघळणारी रंजके अगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमात) नीट पसरत नाहीत आणि चांगले द्रव्यही कमकुवत ठरते. द्रव माध्यमात, दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू घेऊन, किमान रोधक प्रमाण (वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण) काढा. रंजकाच्या रंगामुळे गढूळपणाचे (म्हणजे जिवाणूंच्या वाढीचे) वाचन फसवे येऊ शकते, म्हणून प्रत्येक नळीतला थेंब रंजक नसलेल्या प्लेटवर पसरवून वसाहती मोजा. रंजक विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक वापरला असेल, तर नुसत्या डीएमएसओची नळीही हवीच.

उत्तर २ (संशोधक, गंगापूर रोड)
प्लेट उजेडात होत्या की अंधारात, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तेथेच अडतो. म्युनिकमध्ये १९०० साली ऑस्कर राब यांना ॲक्रिडीन या रंजकाच्या द्रावणातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात लवकर मरतात आणि अंधारात तग धरतात, असे आढळले होते. रंजक शोषलेली ऊर्जा ऑक्सिजनला देते आणि तो ऑक्सिजन पेशी जाळतो. मीही एप्रिलमध्ये काही प्लेट पश्चिमेच्या खिडकीपाशी तासभर विसरलो होतो. त्यांची वर्तुळे कपाटातल्या प्लेटपेक्षा ठळक मोठी आली आणि तीन आठवड्यांचे आकडे रद्द करावे लागले. अर्धा संच ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, आणि रंजक नसलेली एक प्लेटही उजेडात ठेवा.

शिवाय, जी ऊर्जा चमक होऊन बाहेर पडते ती ऑक्सिजनला मिळत नाही. फ्लुओरेसीन हे रंजक लखलखते, पण त्याच सांगाड्यावर आयोडीन आणि क्लोरीन बसवून होणारे रोझ बेंगॉल कमी चमकते आणि उजेडात जिवाणू फार अधिक मारते. त्यामुळे आपल्याला चमक अधिक हवी की मारक शक्ती, हे रेणूची रचना ठरवतानाच निश्चित करावे लागेल.

उत्तर ३ (औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक)
ई. कोलायभोवती जास्तीचे बाह्य आवरण असते. धन प्रभार असलेली रंजके ते अधिक सहज ओलांडतात. चतुर्थक अमोनियम गट (कायम धन प्रभार असलेला) जोडून पाहा. पहिल्या महायुद्धात जखमांवर वापरलेले ॲक्रिफ्लेविनही धन प्रभाराचेच, आणि चमकणारेही. पण तशी रंजके डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरतात, म्हणून गॉझचा विचार करण्याआधी सस्तन प्राण्यांच्या पेशींवर विषारीपणा तपासणे टाळू नये.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याआधी टेबलावर, ट्यूबलाइटखालीच होत्या. सोमवारी फॉइलचा संच लावते. आकडे आले की येथेच लिहीन.