मदत हवी: शोधपथकासाठी परदेशातून स्कूबाचं सामान, कस्टम्सला काय लिहायचं?

हतनूर_पार:
राम राम मंडळी. भुसावळकडचं आमचं स्वयंसेवी शोधपथक. तापी, वाघूर, हतनूरचं पाणी. आजवर गळ आणि दोरावर काम चाललं, आता दोन मुलांचं डाइव्हिंगचं प्रशिक्षण झालंय, म्हणून दोन संच घ्यायचे आहेत. युरोपातल्या एका दुकानाच्या साइटवर कार्ट भरून ठेवली आहे. प्रत्येकी दोन नग: रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा; सोबत ऑक्टोपस म्हणजे राखीव तोंडनळी, आणि प्रेशर गेज), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), ५ मिमी वेटसूट, मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च, १२ लिटरची स्टीलची टाकी. वर कमरेला बांधायची शिशाची वजनं १६ किलो.
१) सगळ्याला मिळून ‘स्कूबा सेट, ९५०६’ असा एकच कस्टम्स कोड (९५०६ म्हणजे खेळाचं सामान) चालेल का?
२) कोणा एकाच्या नावावर ‘वैयक्तिक वापर’ म्हणून मागवू की संस्थेच्या?
३) दुकानदार म्हणतो ‘गिफ्ट’ लिहून किंमत कमी दाखवतो. धोका आहे का?

बिल_ऑफ_एंट्री:
तिसऱ्याचं उत्तर आधी: नको. डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून शुल्कमुक्त फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधं येतात. बाकी गिफ्टवर पूर्ण शुल्क भरावं लागतं, आणि रेग्युलेटरची खरी किंमत अधिकाऱ्याला नेटवर दोन मिनिटांत दिसते. मग किंमत नाकारणं, दंड, आणि पार्सल मुंबईत पडून.

नावाचं. ९८०४ हे शीर्षक (म्हणजे कोड) वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या मालाचं आहे. त्यात वस्तू कोणती याने सहसा फरक पडत नाही, जवळपास सगळ्याला एकच दर. तो २०२५ च्या बजेटमध्ये ३५ वरून २० टक्क्यांवर आणला होता. दर बजेटागणिक हलतो, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशीचा बघा. पण तुमचे दोन-दोन नग, पैसे संस्थेच्या खात्यातून आणि वापर पथकाचा. हे वैयक्तिक नाही, आणि बिल संस्थेच्या नावावर असेल तर प्रश्नच मिटला. संस्थेचा आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा क्रमांक) काढा: डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर, पॅनवर, फी ५०० रुपये. एकदा आयईसीवर आलात की वस्तूनिहाय वर्गीकरण करावंच लागतं.

ते असं:
रेग्युलेटर ९०२०. श्वसनाची उपकरणं तिथे येतात, खेळाच्या सामानात नाहीत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.
मास्क, स्नॉर्केल, फिन्स ९५०६. टाकीशी न जोडलेला साधा मास्क ९०२० मध्ये जात नाही. बीसीडीही बहुधा ९५०६ मध्येच लावतात.
वेटसूट ९५०६ नाही. कापडाचे खेळाचे कपडे ९५ व्या प्रकरणातून बाहेर काढलेले आहेत. निओप्रीनच्या (फेसाळ कृत्रिम रबराच्या) दोन्ही बाजूंना विणलेलं कापड असेल तर ६११३, नुसतं रबर असेल तर ४०१५. दुकानदाराकडून कापडाचा तपशील लेखी घ्या, पत्रकात ‘निओप्रीन’ एवढंच असतं.
वेगळं मागवलेलं प्रेशर गेज ९०२६, टॉर्च ८५१३.

म्हणून एकच कोड नाही. एका खोक्यात आलं म्हणून तो ‘संच’ होत नाही. इनव्हॉइसवर प्रत्येक ओळ वेगळी हवी: नाव, मॉडेल, नग, दर, बनवलेला देश. ‘डाइव्हिंग गिअर, १ लॉट’ लिहिलेलं इनव्हॉइस म्हणजे खुलाशाचं पत्र येणारच.

सातपुड्याचा_नाद:
टाक्या कार्टमधून काढा भाऊ. दाबाच्या सिलिंडरला गॅस सिलिंडर नियम २०१६ लागतात. रिकामी टाकी आणायलाही पेसोची परवानगी लागते (केंद्राचं स्फोटक-सुरक्षा खातं, मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला). ती नसेल तर कस्टम्स सोडणार नाही, आणि चुकून सुटली तरी पेसोची मान्यता नसलेली टाकी कोणी भरून देणार नाही. भारतातच मान्यता असलेली, तपासणीची तारीख ठोकलेली टाकी घ्या. आपल्याकडे ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची जास्त चालते.

भरण्याचं आधी ठरवा. गॅरेजचा कॉम्प्रेसर ८-१० बारचा आणि तेलकट हवेचा, टाकीला लागते २०० बार श्वसनाची शुद्ध हवा. आणि वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून घ्यायचं डोक्यातही आणू नका. ६ मीटरच्या खाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो, झटका येऊन माणूस पाण्यातच जातो.

शिसं तर मुळीच नको. १६ किलोचं विमानभाडं आणि त्यावर पुन्हा शुल्क, कशाला? इथे भंगारवाल्याकडचं शिसं ओतून घ्या. गोड्या पाण्याला समुद्रापेक्षा २-३ किलो कमीच लागतं.

हतनूर_पार:
टाक्या, शिसं काढलं. शुल्काचा अंदाज कसा काढू?

बिल_ऑफ_एंट्री:
शुल्क नुसत्या मालावर नसतं, माल + भाडं + विमा यांच्या बेरजेवर असतं. विमानाने आलं तर भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. विमा कागदावर नसेल तर १.१२५ टक्के.

समजा माल ६०,०००, कुरिअर ८,०००, विमा ६७५. बेरीज ६८,६७५. मूळ शुल्क १० टक्के धरलं तर ६,८६८, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ६८७. आता या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), १८ टक्के धरला तर १३,७२१. एकूण साधारण २१,२७५. दर उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक ओळीचा वेगळा निघेल. विनिमय दर कस्टम्सने जाहीर केलेला, बँकेचा नव्हे. कुरिअरवाल्याची हाताळणी फी यावर वेगळी.

ऑर्डर देताना दुकानाला युरोपातला व्हॅट वजा करायला सांगा. निर्यातीवर तो लागत नाही, पण मागितल्याशिवाय काही जण काढत नाहीत. आणि जुना रेग्युलेटर स्वस्तात दिसला तरी सोडा. भांडवली यंत्रं सोडून वापरलेला माल आणायला डीजीएफटीचा परवाना लागतो.

सातपुड्याचा_नाद:
दोन गोष्टी राहिल्या. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मागवू नका, प्रवासी विमानाच्या मालात त्या घेत नाहीत. टॉर्च बॅटरीविना घ्या. डाइव्ह कॉम्प्युटरला ब्लूटूथ असेल तर डब्ल्यूपीसीचं (केंद्राच्या दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे वायरलेस उपकरणाचं मान्यतापत्र, मागतात. तापीच्या गढूळ पाण्यात फोनला जोडायची हौस कशाला? बिनब्लूटूथचा घ्या, भानगड संपली.

हतनूर_पार:
रेग्युलेटर ‘डिन’ लिहिलेला आहे. चालेल?

सातपुड्याचा_नाद:
चालेल, पण डिन आट्याने टाकीत बसतो आणि भारतात बहुतेक टाक्यांना योकचा, म्हणजे वरून पकडीने बसणारा, व्हॉल्व्ह असतो. सोबत डिन-टू-योक अडॅप्टर घ्या, दोन रेग्युलेटरांना दोन. ‘नायट्रॉक्स एम२६’ (जादा ऑक्सिजनच्या मिश्रणासाठीचा) लिहिलेला मात्र बिलकुल घेऊ नका. त्याचा आटा वेगळा, साध्या टाकीला बसतच नाही, आणि युरोपातल्या साइटवर सवलतीत नेमके तेच पडलेले असतात. फर्स्ट स्टेजचं (रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग) सर्व्हिस किट भारतात मिळतं का, हे ब्रँडच्या इथल्या वितरकाला फोन करून विचारा, मगच पैसे भरा.