मदत हवी आहे: चंदेरी लिबरेटर (१/७२) जुनं दिसायला हवंय, पण वार्निश दुधाळ झालंय

मंडळी, दोन महिने रात्री जागून केलेलं काम रविवारी दहा मिनिटांत घालवून बसलोय. वाचवता येईल का सांगा.

मॉडेल बी-२४ लिबरेटरचं, म्हणजे चार इंजिनांच्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचं; हासेगावा कंपनीचा १/७२चा (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) संच. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरतं. सध्या ते टीव्हीच्या कपाटावर पसरलंय आणि रिमोट घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी तंबी आहे. अमेरिकन खुणा न लावता भारतीय हवाई दलाचं करतोय. महायुद्ध संपल्यावर कानपूरला मुद्दाम मोडतोड करून टाकून दिलेली ही विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने १९४८ पासून दुरुस्त करून पुन्हा उडवली. पुढे सहा नंबर स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याला लोहगावात होती, समुद्रावर टेहळणीला जायची. १९६८ला ती सेवेतून गेली.

एवढं सांगायचं कारण म्हणजे बाबांचे मामा तेव्हा लोहगावला एअरमन होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, साताऱ्याला असतात. त्यांच्याकडे एक कृष्णधवल फोटो आहे: इंजिनाखाली चारपाच पोरं उभी, मामाआजोबा डावीकडून दुसरे, हातात कापसाचा बोळा. मॉडेल त्यांच्यासाठीच आहे.

आता अडचणी.

पहिली आणि मोठी. चंदेरी रंग (तामियाचा एएस-१२ स्प्रे) छान बसला होता. हवाई दलाच्या तिरंगी गोल खुणांच्या चकत्याही बसल्या, एक सोडली तर एकीखालीही हवा अडकली नाही. मग रविवारी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत मी मॅट लॅकर वार्निशचा डबा फवारला. वाळता वाळता पंखांच्या वरच्या बाजूवर दूध सांडल्यासारखं पांढुरकं पसरलं. कापडाने पुसून जात नाही.

दुसरी. वापरलेपणा कसा आणायचा? व्हिडिओ बघून स्पंजने टवके मारायला घेतले होते. चंदेरीवर चंदेरी टवके दिसेनात म्हणून गडद करड्याने मारले, तर विमानाला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. मग इंजिनांच्या मागे, पंखांच्या वरच्या बाजूला काजळीचे लांब पट्टे ओढले. फोटो मामाआजोबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. कसा आहेस वगैरे काही नाही, थेट "अरे, वर काळं कशाला फासलंयस? हे कुठल्या विमानाचं?" मी विचारलं, मग कुठे असायचं? तर म्हणाले, "आम्ही खाली झोपून पुसायचो ना ते!" आणि औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

तिसरी. नाकात पंचेचाळीस ग्रॅम शिसं (गळाला लावायचं) भरूनही ते शेपटीवर बसतं. आता नाक बंद आहे.

– आडवापंख

प्रतिसाद

जुनी_फाईल: आधी दुधाचं बघू. लॅकर वाळताना त्यातलं द्रावण झपाट्याने उडून जातं, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं, फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं तसंच. ते वार्निशच्या थरात अडकलं की पांढरं दिसतं. म्हणजे रंग गेलेला नाही. आत्ता घासू नका, खाली चंदेरी आहे, ते निघालं तर मात्र खरंच गेलं.

कोरडा दिवस बघा. पाऊस उघडला तरी लगेच नको, भिंती ओल्या असतात. एसीची खोली असेल तर दोन तास आधी एसी लावून ठेवा, मॉडेल आणि डबा दोन्ही तिथेच ठेवा. मग त्याच कंपनीच्या चकचकीत लॅकरचा अगदी हलका, लांबून फवारा द्या. ताज्या द्रावणाने खालचा थर थोडा विरघळतो आणि अडकलेलं पाणी बाहेर पडतं. एका हाताने गेलं नाही तर अर्ध्या तासाने दुसरा. आधी पोटाखाली एका कोपऱ्यावर करून बघा. तोंडाला चांगला मास्क लावा, नंतर खोली उघडा, आणि देवघरातला दिवा विझलेला असू द्या. गंमत नाही करत, तो वायू पेट घेतो.

आणि पुन्हा मॅट मारू नका. उघड्या धातूवर पूर्ण मॅट मारलं की ते ॲल्युमिनियम दिसत नाही, सिमेंट दिसतं. अर्धचकाकी पुरे. मॅट फक्त नाकावरच्या गडद पट्ट्याला आणि टायरांना.

मीठभाकर: गोवर वाचून हसलो, माफ करा. ते टवक्यांचे व्हिडिओ हिरव्या किंवा करड्या रंगवलेल्या विमानांचे असतात. रंग उडून खालचा धातू दिसतो तो टवका. तुमच्या विमानावर उडायला रंगच नाही! शिवाय ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही, तेव्हा गंजाची बाटली उघडली असेल तर बंद करा.

चंदेरी विमान जुनं दिसतं ते पत्र्यांच्या छटांमुळे. एक पत्रा जरा निळसर, एक धुरकट, एक नवा लखलखीत. तुमच्या बाबतीत तर ते हक्काचं आहे. कानपूरच्या ढिगातून एकाचे भाग दुसऱ्याला लावून उभी केलेली विमानं ती, सगळे पत्रे एका वयाचे कसे असतील? चकचकीत थर नीट वाळला की चिकटपट्टीने आठदहा पत्रे वेगळे करा. पातळ धुरकट रंगाचा एकेक हात द्या, काहींना नुसतं २०००च्या पॉलिश पेपरने हळूच एकाच दिशेने घासा. फरक जेमतेम कळेल इतकाच ठेवा. कळला नाही असं वाटत असतानाच थांबायचं असतं, हे मी तीन विमानं बिघडवून शिकलो.

सांध्यांत काळा वॉश (रेषांत मुरणारा अगदी पातळ रंग) नको, गडद करडा-तपकिरी घ्या. तोही इनॅमलचा, म्हणजे जास्तीचा टर्पेंटाइनने पुसता येतो.

खालून_तिसरा: मामाआजोबा शंभर टक्के बरोबर आहेत. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाची धुराची नळकांडी इंजिनाच्या बाजूंना असतात, म्हणून काजळी पंखावरून मागे जाते. तुम्ही लँकेस्टर बघून रंगवलंत असं दिसतं. लिबरेटरचा टर्बोसुपरचार्जर (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) इंजिनाच्या घराखाली मागच्या अंगाला असतो. सगळा धूर तिथून खाली सुटतो. म्हणून काजळी पोटाकडच्या बाजूला, तीसुद्धा मध्ये करडी-तपकिरी आणि कडेला काळपट. एकसारखा काळा पट्टा नको.

वर ठेवायचं असेल तर तेल ठेवा. ताराकृती इंजिनं तेल सोडणारच. बर्न्ट अंबर तेलरंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, आणि कोरड्या सपाट ब्रशने वाऱ्याच्या दिशेने एकदाच मागे ओढायचा. एकदाच!

नाकाबद्दल: पुढच्या चाकाच्या खाचेतून वाट मिळते का बघा. बारीक छरे आत सोडा आणि एपॉक्सीने धरा. पांढऱ्या गोंदात शिसं बुडवू नका. वर्ष-दोन वर्षांत शिशावर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि सांधे उकलतात. माझ्या एका विमानाचं नाक कपाटात बसल्या बसल्या फाटलं. इंजिनांची पुढची तोंडं अजून चिकटवली नसतील तर थोडं वजन तिथेही घाला, ती मुख्य चाकांच्या पुढे येतात आणि पुढच्या बिचाऱ्या काडीसारख्या पायावर भार येत नाही.

आडवापंख: सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

दूध गेलं! मधे चार दिवस उघडीप मिळाली, बहिणीच्या एसीच्या खोलीत दोन हलके हात दिले. दुसऱ्या हाताला पंखावरचं पांढरं डोळ्यांदेखत विरत गेलं. डाव्या पंखाच्या मुळाशी नखाएवढा डाग राहिलाय, तिथे धुरकट पत्रा करून टाकला. वरची काजळी टर्पेंटाइनने निघाली, करडे टवके मात्र ॲक्रिलिकचे होते, तो भाग पुन्हा रंगवावा लागला. इंजिनांच्या तोंडांत मिळून अठरा ग्रॅम गेलं आणि विमान एकदाचं तिन्ही चाकांवर उभं आहे.

काल साताऱ्याला घेऊन गेलो. मामाआजोबांनी आधी ते उलटं केलं. सरळ बाजू बघितलीच नाही. चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांपासून चार बोटांवर धरून एकेका इंजिनाचं पोट बघत गेले, तीन नंबरपाशी अंगठा फिरवला आणि अंगठा पाहिला, काही लागलंय का. मग मला विचारलं, "ट्रे कुठायत?"

कसले ट्रे?

"तेलाचे. विमान उभं असलं की चारी इंजिनांखाली ट्रे ठेवायचो. नाहीतर ऐकून घ्यावं लागायचं."

तर आता नवा प्रश्न. १/७२मध्ये तेल गळायचे चार पत्र्याचे ट्रे करायचे आहेत, साधारण सेंटिमीटरभर लांबीचे, काठ वळवलेले. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी फॉइल चालेल, की फार मऊ पडेल? आणि आतलं तेल ओलं दिसायला काय वापरू?