मदत हवी आहे: फाउंड्रीचा धूर, तक्रार कोणाच्या नावाने करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीला लागून राहतो. मागे एक फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना) आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. दिवसा चिमणीतून काहीच दिसत नाही. रात्री भट्टी पेटली की कोकचा (भट्टीत जाळतात त्या कोळशाचा) उग्र वास आणि काळा धूर. थंडीत तो वर जातच नाही, गल्लीतच बसतो. सकाळी टाकीच्या झाकणावर खरखरीत काळी पूड. पोराने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं तर बरीचशी त्याला चिकटून आली!

आम्ही खिडक्या लावून घेतो, भागतं. पण फाउंड्रीच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या भाड्याच्या खोल्या आहेत. पत्र्याच्या फटींतून सगळं आत, पोरं सारखी खोकतात. आणि गोची अशी की तिथले बरेच पुरुष त्याच फाउंड्रीत कामाला. साच्याची वाळू झटकताना दिवसभर सिलिकाची धूळ, रात्री घरी हा धूर. सही मागितली तर बायका म्हणतात, "वैनी, काम गेलं तर खोलीपण जाईल."

तोंडी तक्रार केली होती. साहेब भरदुपारी बघून गेले. दुपारी काय दिसणार?

सांगली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या (प्रदूषित शहरांची हवा सुधारायची केंद्राची योजना) यादीत आहे, पण शहराच्या सरासरीत आमची गल्ली कुठे दिसणार? भाडेकरूंची नावं न घालता माझ्या एकटीच्या नावाने तक्रार चालेल का? हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) वकील लागतोच का?

प्रतिसाद १
ताई, एकटीच्या नावाने चालते. भाडेकरूंना मध्ये आणूच नका. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळात माहिती अधिकार टाका (१० रुपये, ३० दिवस). संमतीपत्राची (मंडळाने कारखान्याला दिलेल्या परवानगीची) प्रत आणि चिमणीच्या चाचण्यांचे अहवाल मागा. इंधन कोणतं, चिमणी किती उंच, धूर धुणारा स्क्रबर हवा का, हे संमतीपत्रात असतं. भांडायचं ते त्या कागदावर, वासावर नाही. रात्रीची तपासणी लेखी मागा, तारीख-वेळेचे व्हिडिओ जोडा, पोच घ्या. १९८१ च्या हवा कायद्याचं कलम ४३ बघा: मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः कोर्टात जाऊ शकतो. पुण्याच्या हरित लवादात वकिलाशिवाय उभं राहता येतं, पण अर्ज करायला ६ महिन्यांची मुदत असते, तेवढं सांभाळा.

धागाकर्ती
आभार. पण संमतीपत्रात रात्रपाळी मान्यच असली तर?

प्रतिसाद २
रात्रपाळी मान्य असेल, स्क्रबर बंद ठेवणं नाही. वीज वाचवायला स्क्रबरचा पाण्याचा पंप बंद ठेवणारे असतात. रात्री पंप चालतो का, खोल्यांमधल्या कामगारांना तोंडी विचारा. लिहून काही घेऊ नका.