डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना काय कळेल?

पोहेजिलबी:
मुलीच्या शाळेत ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, आठवीच्या मुलांना पट्टी बांधून अर्धा तास पटांगणात फिरवायचं ठरलंय. मदतीला मी आहे. इंदूरात कुणी केलंय का असं? मुलांना काही कळतं, की नुसती आंधळी कोशिंबीर होते?

जुनापलासिया:
आमच्या ऑफिसात व्हीलचेअरवर बसवलं होतं. रॅम्प चढता चढता दंड भरून आले. उतार एकास बारा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांब, का लागतो, ते त्या दिवशी कळलं. करा बिनधास्त.

वासूकाका:
रॅम्पचं ठीक आहे, भिया. रॅम्पची चूक रॅम्पवरच कळते. पण डोळ्यांचं वेगळं.

ताई, मला रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं गेलं, शेवटी चाळणीच्या एका भोकातून पाहावं तेवढं उरलं. आता तेही नाही. पट्टी बांधलेल्या पोराला मिळतो तो पहिला अर्धा तास, नुसती धडपड. माझी आजची सतरा वर्षं त्यात कुठून येणार? सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री गराडूचा कंद तळल्याचा वास आला की कुठे वळायचं ते मला ठाऊक असतं. पाचशेच्या नोटेच्या कडेला पाच तिरक्या रेघा, शंभराच्या चार. नोट मळून रेघा गेल्या तर लांबी बघतो, फरक जेमतेम आठ मिलिमीटर. बोटांना तो सापडायला मला वर्ष लागलं.

अमेरिकेत आर्येल सिल्वरमन, स्वतः दृष्टिहीन, यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१५ साली हेच तपासलं. पट्टी बांधून बाहेर आलेले लोक अंधांना नोकरीला आणि एकटं राहायला, पट्टी न बांधलेल्यांपेक्षा, कमी लायक समजत होते!

आणि बँकेत माझ्यासमोर बायकोला विचारतात, ‘‘ये साइन कर लेते हैं?’’ ती पट्टी कुठली बांधणार?

पोहेजिलबी:
काका, मग पट्टी रद्द करायला सांगते. तुम्हीच याल का शाळेत?

वासूकाका:
येतो की. मुलांना मळक्या नोटा आणायला सांगा, पैज लावू. फक्त रिक्षातून उतरल्यावर माझा दंड धरून ओढू नका. तुमचा कोपर द्या, मी धरतो.