शेवटी एलवाय असूनही फ्रेंडली अ‍ॅडव्हर्ब का नाही?

प्रश्न:
मुलीला इंग्लिश ग्रामर शिकवताना माझाच गोंधळ उडालाय. मीच तिला सांगितलेलं की शेवटी एलवाय दिसलं की डोळे झाकून अ‍ॅडव्हर्ब लिही, आणि तिने टेस्टमध्ये फ्रेंडली, लव्हली दोन्हीला तेच लिहिलं, दोन्ही चूक. वर 'ही रन्स फास्ट' मधला फास्ट मात्र अ‍ॅडव्हर्ब, त्याला तर एलवाय नाहीच! मग ओळखायचं कसं?

उत्तर 1:
जुन्या इंग्लिशमध्ये अ‍ॅडजेक्टिव्हचा प्रत्यय 'लिच' होता आणि अ‍ॅडव्हर्बचा 'लिचे'. पुढे शेवटचे उच्चार गळत गेले आणि दोन्हींचं एलवाय होऊन बसलं. फास्टचंही तसंच, अ‍ॅडव्हर्ब असताना त्याच्या शेवटी 'ए' हा स्वर असायचा तो गेला, म्हणून आता दोन्ही रूपं सारखी. मुलीला एवढं सांगा, एलवाय काढून बघ काय उरतंय. फ्रेंड, लव्ह, कॉस्ट असं नाम उरलं तर बहुतेक अ‍ॅडजेक्टिव्ह, स्लो, क्विक असं विशेषण उरलं तर बहुतेक अ‍ॅडव्हर्ब.

उत्तर 2:
हार्ड आणि हार्डली पण शिकवाच. मी नोकरीच्या अर्जात 'आय वर्क हार्डली' लिहून पाठवलं होतं, म्हणजे मी जेमतेमच काम करतो! अजून आठवलं की वाईट वाटतं, शाळेत हे कुणीच सांगितलं नाही.

उत्तर 3:
माझ्या मते सुट्या शब्दांना लेबल लावायला शिकवणं हीच मूळ चूक आहे, इंग्लिशमध्ये शब्द वाक्यात काय काम करतोय ते बघावं लागतं. 'शी इज रनिंग' मध्ये रनिंग क्रियापदाचा भाग, 'रनिंग इज फन' मध्ये नाम, 'रनिंग वॉटर' मध्ये पाण्याचं विशेषण. आणि हे आपल्याला काही नवीन नाही हो, 'वर ये' मधला वर क्रियाविशेषण आणि 'झाडावर' मधला शब्दयोगी अव्यय, तिथे आपण अडतो का? कधी नुसत्या उच्चारावरून पण कळतं, रेकॉर्ड नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या.

प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे! आत्ताच तिला 'अर्ली' विचारलं. आधी एलवाय काढून बघितलं तर काहीच हाती लागेना, मग म्हणाली आई वाक्य दे ना. 'अर्ली ट्रेन' दिलं तर अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणाली, 'शी केम अर्ली' दिलं तर अ‍ॅडव्हर्ब.