नवरा घरी परत आला की मी दोन-दोन दिवस गप्प होते. असं का होत असेल?

लालबागची लेक:
नवऱ्याचं काम पवनचक्क्यांच्या देखभालीचं. महिन्यातले बरेच दिवस तो साताऱ्याकडे, डोंगरावर असतो. त्याच्या जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. बिनसतं ते तो परत आल्यावर. खाली गाडीचा आवाज आला की जीव हरखतो, आणि दार उघडलं की आतून सगळं गार. पाणी देते, जेवायला वाढते, पण मान वर होत नाही. 'हं', 'नको', 'तिथेच ठेवलंय', एवढंच बोलणं. तो विचारतो, "माझं काही चुकलं का?" त्याचं काहीच चुकलेलं नसतं. आणखी एक. माझी झोपमोड नको म्हणून तो पहाटे न उठवता निघून गेला, तर दिवसभर पोटात गोळा.

माझा जन्म १९७९ चा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांत घरातलं सगळं संपलं. धाकटा भाऊ अंगावर पिणारा, तो आईजवळ राहिला. मला कणकवलीकडच्या गावी आजीजवळ ठेवलं. मी रडेन म्हणून आई-बाबा मी झोपेत असताना पहाटेच्या एसटीने निघाले. उठले तर दांडीवर आईची साडी नव्हती. आजी म्हणाली, "आवस बाजाराक गेली हा, येतली." आई पुढच्या गणपतीत आली, तेव्हा मी आजीच्या पदराआडून बाहेरच आले नाही म्हणे. चौथीत मला मुंबईला परत आणलं. आजीने माझं काही कमी केलं नाही, आणि आईवर माझा राग नाही. पण त्या वेळचं आजपर्यंत पोचतं का?

गोदाकाठ:
पोचतं, ताई. मी लहान मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी ऑपरेशनसाठी दवाखान्यात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरची फिल्म दाखवली होती. अशा मुलांबद्दल त्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी लिहून ठेवलंय: मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि मग शांत होतं. ते 'शांत' झालेलं मूल आई आली की तोंड फिरवतं. तुमचा आजीचा पदर मला तिथे दिसला.

पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या मुलांचं निरीक्षण केलं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची. ती गेल्यावर मूल काय करतं यापेक्षा ती आल्यावर काय करतं, यातून जास्त कळलं. काही मुलं आईकडे न बघता खेळत राहायची, जणू काही घडलंच नाही. नंतर कुणी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते वाढलेले! म्हणजे तुमचं गप्प बसणं हा रुसवा नाही, हा कोरडेपणाही नाही. पण लहानपणी झालं म्हणून जन्मभर तसंच, असं मात्र मुळीच नाही. तीन वर्षं तुम्ही आईजवळ होता, पुढे आजी होती, तेही तुमच्यात आहेच. एकटीला जड गेलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

काळाचौकी:
पोरी, मी तुझ्या आईच्या जागेवरची. अडीच लाख कामगारांचा संप होता तो, किती घरांतली पोरं गावी गेली असतील! माझा मुलगा चिपळूणला सासूबाईंकडे होता. सगळे सांगायचे, झोपेत निघा, पोर विसरतं. पत्र यायचं, 'बाळ मजेत आहे, तुमची आठवणही काढत नाही.' ते वाचून आम्हाला बरं वाटायचं, गं. आज तो पन्नाशीकडे आलाय. पैसे वेळेवर पाठवतो, सणाला येतो. पण डेंग्यू झाला तेव्हा मला सुनेकडून कळलं, तेही घरी सोडल्यावर. दुखलंखुपलं तर आईला सांगायचं असतं, हे त्याच्या मनात येतच नाही. तुझ्या आईला त्या पहाटेबद्दल विचार. आम्हाला कुणीच कधी विचारलं नाही.

बोटीवरचा:
मी मर्चंट नेव्हीत आहे, सहा-सहा महिने बाहेर. आमच्या घरी ठरलेलं आहे: रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघताना उठवायचं. बायको अर्धवट झोपेत 'नीट जा' म्हणते, तेवढं पुरतं. आणि परत आल्यावर पहिला दिवस पाहुणे नाहीत, हिशेब नाहीत. ती गप्प असली तर मी शेजारी बसून मेथी निवडतो. तुमच्या मिस्टरांना सांगा, 'माझं काही चुकलं का' विचारू नका. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसतं, आणि मग तुम्ही आणखी आत जाता.

लालबागची लेक:
सांगितलं आजच. म्हणाला, "चार वाजता उठवू?" म्हटलं, चार वाजताच. काळाचौकी मावशी, आई भावाकडे डोंबिवलीला असते, रविवारी जाणार आहे. तुमच्या मुलाने विचारलं असतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं का?

काळाचौकी:
वाटलं असतं. तरी विचारायला हवं होतं त्याने. जेवणं झाली, भाऊ-वहिनी उठले की विचार. आणि ती रडायला लागली तर 'जाऊ दे आई' म्हणून गप्प करू नकोस, सगळं बोलू दे तिला.