आयडब्ल्यूएल 2 ही लीग आहे की नुसती पात्रता स्पर्धा?

मिडफिल्डर_पुणे
2023-24 पासून देशातल्या महिला फुटबॉलच्या वरच्या श्रेणीच्या, म्हणजे इंडियन वुमेन्स लीगच्या (आयडब्ल्यूएल) खाली दुसरी श्रेणी सुरू झाली, आयडब्ल्यूएल 2. वरचे तळाचे संघ खाली, खालचे पहिले दोन वर. कागदावर झकास. पण माझं म्हणणं, हिला लीग म्हणू नका. संघांचे गट पाडायचे, एका गावी गोळा करायचे, भराभर सामने उरकायचे आणि मोजक्यांना अंतिम फेरीला पाठवायचं. बाकीच्यांचा राष्ट्रीय हंगाम हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या सामन्यांत आटोपतो. हा खर्च राज्यांच्या लीग नीट चालवण्यावर केला तर मुलींना निदान खेळायला तरी मिळेल. उगाच 'राष्ट्रीय' पाटी कशाला?

फोंडेकर
सपशेल असहमत. आमची सेसा फुटबॉल अकादमी 2024-25 मध्ये गढवाल युनायटेडसोबत याच 'पात्रता स्पर्धे'तून वर गेली. तुमच्या हिशेबाने सेसाच्या पोरी अजून गोव्यातच एकमेकींशी खेळत बसल्या असत्या.

आणि आधी काय होतं ते आठवा. 2022-23 ला अहमदाबादेत 16 संघ बोलावले, आठ-आठचे दोन गट. गोकुलम केरळासारख्या बलाढ्य संघापुढे नवखे संघ उभे, मग दुसरं काय होणार? गोलांचा पाऊस. पुढच्या हंगामात वर फक्त 7 संघ ठेवले आणि पहिल्यांदाच घरच्या-बाहेरच्या मैदानांवर सामने झाले. खाली दुसरी श्रेणी होती म्हणूनच बाकीच्यांना 'तुम्ही घरी बसा' असं सांगावं लागलं नाही.

मिडफिल्डर_पुणे
सेसाबद्दल आनंदच आहे. पण ओडिशा एफसीचं बघा. 2023-24 चे विजेते आणि लगेच पुढच्या हंगामात खाली. वर 8 संघ, म्हणजे प्रत्येकी 14 सामने. खाली त्याच्या निम्मे मिळाले तरी नशीब. पगारी खेळाडूंना वर्षभर काय सराव सामने खेळवायचे? क्लबवाला पहिली कात्री करारांनाच लावणार.

रंकाळ्यावरचा
पुणेकरांशी सहमत (लिहून ठेवा, परत होणार नाही). 2019-20 ला बेंगळुरूत एफसी कोल्हापूर सिटी या लीगमध्ये खेळली होती, मुंबईची केंकरे एफसीपण होती. 2023-24 पासून वरच्या श्रेणीत महाराष्ट्राचा एक संघ दाखवा. राज्यात मुलींना सलग सामनेच नसतील तर शिडी ठेवून उपयोग काय, चढणार कोण?

फोंडेकर
तुमच्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम फुल्ल होतं. त्यातल्या किती तालमींनी मुलींचा संघ मैदानात उतरवला? तो काय दिल्लीहून फुटबॉल महासंघाने येऊन उतरवायचा?

रंकाळ्यावरचा
वर्मावर बोट ठेवलंत, मान्य. पण तालमीतल्या थोरल्यांना मी हेच विचारलं, तर उत्तर आलं, 'संघ काढू, पण खेळणार कुणाशी?' म्हणजे गाडी फिरून राज्य लीगवरच आली.

हिशेबनीस
दोघेही प्रवासखर्च विसरताय. वीस-बावीस मुली, प्रशिक्षक, फिजिओ, रेल्वेची तिकिटं, लॉजच्या खोल्या. घरच्या-बाहेरच्या सामन्यांचा हट्ट धरलात तर छोटे क्लब नावच देणार नाहीत. एका गावी स्पर्धा घेतात ती त्यातल्या त्यात परवडते म्हणून. मधला मार्ग विभागवार लीग. महाराष्ट्र, गोवा, गुजरात एका विभागात घ्या, रात्रीच्या गाडीने जाऊन येता येईल असं बघा, आणि फक्त शेवटचा टप्पा देशपातळीवर.

लेक_डाव्या_बगलेवर
पालक म्हणून बोलते. मार्च 2024 मध्ये हीच स्पर्धा गोव्यात चालू असताना हिमाचलच्या क्लबच्या दोन खेळाडूंनी हॉटेलवर मारहाण झाल्याची तक्रार केली. आरोप महासंघाच्या कार्यकारिणी सदस्यावर, आणि तो क्लबही त्याचाच. अटक झाली, निलंबन झालं. पण मुळात तक्रार करायची ती क्लबमालकाकडे की महासंघाकडे, असा प्रश्न त्या मुलींना पडावाच का? तुम्ही सामने मोजताय. मी आधी विचारते की संघासोबत बाई व्यवस्थापक कोण आहे आणि रात्री फोन कुणाला लावायचा. घराजवळची विभागीय लीग असेल तर माझी हरकत नाही.

फोंडेकर
ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. विभागवारही चालेल. पण देशपातळीवरची अंतिम फेरी आणि वर जाण्याची वाट बंद करू नका. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवून भारत आशियाई चषकाला पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, बंगालच्या कल्याणीची पोरगी. अशा खेळाडू फक्त राज्यात खेळून तयार होत नाहीत.

मिडफिल्डर_पुणे
विभागवार असेल तर मीही तयार, एका अटीवर. प्रत्येक संघाला किमान दहा सामने, आणि तेही नियमात लिहून.

लेक_डाव्या_बगलेवर
दहा सामने बसवताना फेब्रुवारी-मार्च मोकळा सोडा. आमच्या संघातल्या निम्म्या मुली यंदा बारावीला आहेत.